महाविद्यालयाचा फुटबॉल आणि पेठेचा फुटबॉल

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला असे कोणी म्हणाले, की बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात एकच चित्र असते : शाहू स्टेडियमवरील कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा, तीत पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल आणि दिलबहार, प्रॅक्टिस क्लब आणि खंडोबा तालीम यांच्या पडणाऱ्या गाठी, आणि दिवाळी सरल्यापासून उन्हाळा ऐन भरात येईपर्यंत चालणारी पेठापेठांतील ईर्षा. परंतु याच शहरात, पुष्कळ अंशी याच मुलांचा, आणखी एक हंगाम त्याच्या आधी, श्रावण-भाद्रपदाच्या पावसात सुरू होतो आणि मोठ्या हंगामाची चाहूल लागेपर्यंत कोणाच्या फारशा ध्यानात न येता संपूनही जातो. हा महाविद्यालयीन संघांचा हंगाम होय. त्याच्या वाट्याला गुलाल येत नाही, हलगी येत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळींहून अधिक जागाही सहसा येत नाही. तरीही या अल्पायुषी हंगामात खेळाडूला जे एक शिक्षण मिळते ते पेठेच्या दीर्घ हंगामात मिळणे शक्य नाही, असे माझे मत आहे. आणि म्हणूनच त्याची रचना, त्याची कुचंबणा आणि तिची कारणे यांचा थोडा विस्ताराने विचार करावा असे वाटते.

मुळात फुटबॉल हा खेळ आज ज्या रूपात आपण ओळखतो ते रूप त्याला विद्यार्थ्यांनीच दिले आहे. इंग्लंडातील निरनिराळ्या निवासी शाळांत चेंडू लाथाडण्याचे निरनिराळे शिरस्ते होते. कोठे चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा होती, कोठे प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारणे हा गुन्हा मानला जात नसे. या शाळांतून बाहेर पडलेले तरुण केंब्रिज विद्यापीठात एकत्र आले, तेव्हा जो तो आपल्याच शाळेचा नियम खरा मानू लागल्याने खेळ होण्याऐवजी तंटेच होऊ लागले, आणि अखेर 1848 साली त्यांतील काहींनी बसून सर्वांना मान्य होतील असे समान नियम तयार केले. लंडनमध्ये 1863 साली फुटबॉल असोसिएशन स्थापन झाले, तेव्हा त्याने केलेल्या नियमावलीवर केंब्रिजच्या या नियमांची छाप होती. अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, त्यात प्रत्येक बाजूला 25 खेळाडू होते, चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती आणि रटगर्सने तो 6-4 असा जिंकला. पुढे अमेरिकन महाविद्यालयांनी रग्बीची वाट धरली आणि तेथील फुटबॉल हा निराळाच खेळ होऊन बसला. पण महाविद्यालय हेच त्याचे घर राहिले. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि ऑगस्टअखेरपासून सुमारे बारा नियोजित सामन्यांचा जो हंगाम तेथे चालतो त्याभोवती त्या गावाचे शरद ऋतूतील सगळे जीवन फिरत असते. आपल्याकडेही बंगालमध्ये या खेळाची रुजवण नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या शाळकरी, आणि पुढे प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेल्या, तरुणाने केली असे मानतात.

कोल्हापुरातही हे असेच घडावे अशी सर्व सामग्री होती. राजाराम महाविद्यालय 1880 पासूनचे, म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाच्या जुन्या पीठांपैकी एक. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1901 सालच्या मराठा वसतिगृहापासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यामुळे या गावाला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाऊ लागले. आणि जेथे वसतिगृहे असतात, जेथे संध्याकाळी रिकामी असलेली पन्नास-साठ तरुण मुले एका छपराखाली राहतात, तेथे फुटबॉलसारख्या सांघिक खेळाला आपोआप आश्रय मिळतो असा जगाचा अनुभव आहे. परंतु कोल्हापुरात फुटबॉल वसतिगृहात किंवा महाविद्यालयाच्या जिमखान्यात वस्तीला न जाता तालमीत गेला. कुस्तीसाठी बांधलेल्या, लाल मातीचा हौदा, एखादा मारुती आणि भाद्रपदातील गणपती एवढ्या भांडवलावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या संस्थांनी पायाने खेळावयाचा हा विलायती खेळ इतक्या सहजतेने आपलासा केला, की आज पुष्कळ तालमींची गावाबाहेरची ओळख त्यांच्या मल्लांपेक्षा त्यांच्या फुटबॉल संघावरूनच होते.

याचे कारण शोधू गेल्यास ते तालमीच्या घडणीतच सापडते. महाविद्यालयाचा विद्यार्थी तीन वर्षांनी, फार तर पाच वर्षांनी, दाखला घेऊन बाहेर पडतो. म्हणजे कोणत्याही महाविद्यालयाचा संघ दर तीन वर्षांनी मुळापासून नवा होतो, आणि गेल्या वर्षी कोणी पेनल्टी चुकवली हे सांगणारा माणूस पुढच्या वर्षी बहुधा तेथे उरलेला नसतो. तालमीतून मात्र कोणीच पास होऊन जात नाही. ज्याने तारुण्यात गोलरक्षण केले तो पुढे प्रशिक्षक होतो, मग व्यवस्थापक होतो, मग तालमीच्या कट्ट्यावर बसून अमुक सालच्या अंतिम सामन्यातील निर्णय कसा चुकीचा होता हे नातवाच्या वयाच्या मुलांना सांगतो; आणि त्या मुलांतूनच पुढचा गोलरक्षक निपजतो. स्मरणशक्ती हे संघाचे खरे भांडवल आहे, आणि त्या भांडवलात महाविद्यालय तालमीपुढे कायमचे दरिद्री आहे. त्यातच छत्रपती घराण्याचा आश्रय कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला संस्थानी काळापासून आजतागायत लाभल्याने पेठांच्या स्पर्धेला एक प्रकारची राजमान्यता आहे, जी कोणत्याही शैक्षणिक स्पर्धेला नाही.

येथे मैदानांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण कोल्हापूरचा फुटबॉल ज्या भूमीवर वाढला ती भूमी एके काळी पाण्याखाली होती. जुन्या करवीरात कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, सिद्धाळा, खंबाळा अशी अनेक तळी होती. नळाचे पाणी आल्यावर त्यांची गरज संपली आणि एकेक तळे बुजवले गेले. कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचे शिवाजी पेठेतील गांधी मैदान झाले आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी आजचे शाहू स्टेडियम उभे राहिले; रावणेश्वराचे देऊळ त्याच्या शेजारी अजून आहे. पाणी मात्र आपली जुनी वहिवाट सहजासहजी सोडत नाही. गांधी मैदानावर पावसाळ्यात जे तळे साचते ते नगरपालिकेच्या आणि पुढे महानगरपालिकेच्या प्रत्येक कारकीर्दीत तक्रारीचा विषय झालेले आहे. पेठेच्या फुटबॉलला याची फारशी झळ लागत नाही, कारण त्याचा हंगाम कोरड्या महिन्यांतला आहे. झळ लागते ती महाविद्यालयीन फुटबॉलला, ज्याचे नशीब विद्यापीठाच्या वेळापत्रकाने पावसाशी बांधून टाकले आहे.

ते वेळापत्रक असे. जून-जुलैत प्रवेश होतात, जिमखान्याच्या फलकावर निवड चाचणीची सूचना लागते आणि शारीरिक शिक्षण संचालक, ज्यांना मुले नुसते ‘सर’ म्हणतात, दोन-तीन सायंकाळी मुले पाहून अठरा-वीस जणांचा संघ ठरवतात. त्यानंतर विभागीय स्पर्धा. शिवाजी विद्यापीठाची स्थापना 18 नोव्हेंबर 1962 रोजी झाली. त्यापूर्वी येथील महाविद्यालये आधी मुंबई आणि 1949 नंतर पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. आरंभी या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सोलापूर आणि रत्नागिरीपर्यंत पसरलेले होते. रत्नागिरी पुढे मुंबईकडे गेली, 2004 साली सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि आता कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे उरले आहेत. प्रत्येक विभागातील महाविद्यालये आधी आपापसांत खेळतात, विभागांतील अग्रेसर संघ आंतरविभागीय स्पर्धेत भेटतात, आणि या सर्व सामन्यांतून दिसलेल्या खेळाडूंतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ सराव शिबिर आटोपून भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेस जातो, जेथे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आदी प्रांतांतील विद्यापीठे एकत्र येतात. आणि तेथे पहिल्या चारांत आल्यासच अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. महाविद्यालयाच्या संघाचा हंगाम, तो सर्वत्र जिंकत गेला तरी, आंतरविभागीय स्पर्धेपाशी संपतो. त्यापुढे जातात ते त्यातले दोघे-तिघे, विद्यापीठाचा गणवेश अंगावर घालून.

या वाटेवरील पहिला प्रतिपक्षी कागद असतो. पेठेच्या सामन्यात खेळाडू मैदानावर उतरण्यापूर्वी बुटांची नाडी बांधतो. महाविद्यालयीन सामन्यात तो आधी टेबलापुढे रांगेत उभा राहतो. पात्रता अर्ज, त्यावर प्राचार्यांची सही व गोल शिक्का, ओळखपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, असा सगळा दस्तऐवज प्लास्टिकच्या पिशवीत घालून सर उभे असतात, वरून पाऊस पडत असतो, आणि प्रतिपक्षाचे सर एकेक अर्ज उलटून छायाचित्र आणि चेहरा ताडून पाहत असतात. विद्यापीठ पातळीवर वय 17 ते 25 च्या आत असावे लागते, बारावी होऊन किती वर्षे लोटली याचाही हिशेब असतो. ही कसोटी जाचक वाटली तरी अनाठायी नाही. कारण ज्या गावात फुटबॉल खेळणारे इतके आहेत, तेथे एखाद्या महाविद्यालयाने चांगल्या आघाडीच्या खेळाडूला केवळ खेळण्यापुरता प्रवेश द्यावा हा मोह नेहमीच असतो. कागद नीट नसल्यामुळे बाद झालेल्या संघांची संख्या गोल कमी पडल्यामुळे बाद झालेल्यांच्या मानाने थोडी असली, तरी त्यांचे दुःख अधिक असते, आणि त्यावरील वाद अधिक काळ चालतो.

दुसरा प्रतिपक्षी पाऊस. फुटबॉलच्या चेंडूचे वजन सामन्याच्या आरंभी 410 ते 450 ग्रॅम असावे असा नियम आहे; यातील ‘आरंभी’ ही अट त्या काळाची स्मृती आहे, जेव्हा चेंडू निव्वळ चामड्याचा असे आणि पाणी पिऊन मध्यंतरापर्यंत इतका जड होई की त्याला डोके लावण्यास धैर्य लागे. आजच्या चेंडूला पाणी तितके शोषता येत नाही, तरीही ओले मैदान खेळाचे स्वरूप पालटून टाकते. नुसत्या ओल्या गवतावर चेंडू घसरून अपेक्षेपेक्षा वेगाने पुढे जातो, आणि त्याच मैदानाच्या सखल कोपऱ्यात साचलेल्या पाण्यात तोच चेंडू जागच्या जागी थबकतो. म्हणजे एकाच मैदानावर दोन वेगवेगळे पृष्ठभाग असतात आणि ते कोठे सुरू होतात व कोठे संपतात हे पहिल्या पंधरा मिनिटांत ज्या संघाला उमगले तो संघ अर्धा सामना जिंकतो. जमिनीलगतचे आखूड पास, ज्यांवर पेठेच्या खेळाडूचा फार विश्वास असतो, चिखलात निरुपयोगी ठरतात. चेंडू उचलून टाकावा लागतो, बचावपटूला मागे वळताना पाय सटकण्याचे भय असते, आणि गोलरक्षकाने हातात आलेला चेंडू छातीशी घेण्याऐवजी मुठीने दूर करणे शहाणपणाचे असते. सहामाही सत्रपद्धती आल्यापासून या चिखलात तिसऱ्या एका संकटाची भर पडली आहे : ऑक्टोबर-नोव्हेंबरातील परीक्षा. ज्या वर्षी पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून जाते, जसे 2019 आणि 2021 साली गेले, त्या वर्षी महाविद्यालये बंद राहतात, सराव बुडतो आणि पाऊस व परीक्षा यांच्यामध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत सगळा हंगाम कोंबावा लागतो.

आता ज्या शिक्षणाचा मी आरंभी उल्लेख केला त्याकडे वळतो. पेठेच्या संघातील अकरा खेळाडू बहुधा एकमेकांना लहानपणापासून ओळखतात, एकाच बोळात चेंडू मारून मोठे झालेले असतात आणि बाहेरून आणलेला एखादा आफ्रिकी वा परप्रांतीय खेळाडू सोडला, तर त्यांच्यात आपपर असा भाव नसतो. महाविद्यालयाच्या संघात याच्या नेमके उलट असते. गेल्या मोसमात ज्याने आपल्याला खाली पाडले, ज्याच्या समर्थकांनी आपल्या पेठेला उद्देशून नको त्या घोषणा दिल्या, तोच मुलगा सरांच्या यादीत आपल्या शेजारच्या जागेवर असतो. मंगळवार पेठेचा मध्यरक्षक आणि शिवाजी पेठेचा आघाडीवीर यांना एकाच रंगाचा शर्ट घालावा लागतो, आणि त्यांच्यासोबत आजरा-चंदगडकडून शिकायला आलेला, कोणत्याच तालमीचा नसलेला, पण फुप्फुसांत दम असलेला एखादा वसतिगृहवासी असतो, ज्याला हा सगळा इतिहास ठाऊक नसतो. पहिले दोन-तीन दिवस सरावात चेंडू आपल्याच पेठेच्या गड्याकडे जातो, हे पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, मोकळा उभा असलेला दुसऱ्या पेठेचा आघाडीवीर हात वर करून “भावा, दे की!” म्हणून ओरडत राहतो आणि त्याला चेंडू मिळत नाही. सर काही बोलत नाहीत. मग पहिल्या सामन्यात, एक गोलने मागे असताना, कोणाला तरी तो चेंडू द्यावाच लागतो, त्यातून बरोबरी होते, आणि त्यानंतर पास पेठ पाहून जात नाही. 1848 साली केंब्रिजमध्ये निरनिराळ्या शाळांच्या अभिमानी तरुणांपुढे जो प्रश्न होता तोच हा. फरक एवढाच, की त्यांचे नियम वेगळे होते आणि येथे नियम एक असून अभिमान वेगळे आहेत.

याचे मूल्य ज्यांनी शाहू स्टेडियमवरील तणावाचे सामने पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगावयास नको. पेठांच्या ईर्षेने या खेळाला येथे जिवंत ठेवले हे निर्विवाद. पण त्याच ईर्षेपायी गॅलरीतून दगड आले, पोलिसांना जादा बंदोबस्त लावावा लागला आणि सामने तहकूब झाले, हेही तितकेच खरे. मैदानावर भडका उडतो तेव्हा दोन्ही बाजूंच्या खेळाडूंत जुनी ओळख असली तर ती उपयोगी पडते, आणि ती ओळख होण्याची जागा महाविद्यालयाखेरीज दुसरी कोणती आहे? गणपती वेगळा, कट्टा वेगळा, शाळाही बहुधा पेठेतलीच.

एवढे असूनही खेळाडूच्या जीवनक्रमात महाविद्यालयीन हंगामाला दुय्यम स्थान आहे, याचा दोष खेळाडूला देता येणार नाही. अमेरिकेत महाविद्यालय ही व्यावसायिक खेळाची पायरी आहे. आपल्याकडे ती तशी नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 साली भारतात भरलेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशातर्फे खेळला आणि पुढे इंडियन सुपर लीगमध्ये गेला. पण त्याची वाट पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली, आणि ज्या वयात इतर मुले महाविद्यालयाच्या चाचणीसाठी बूट शोधत असतात त्या वयात तो राष्ट्रीय संघात होता. ज्यांची झेप तेवढी नसते त्यांना दोन आशा असतात : एक, तालमीच्या नोंदणीत मिळणारे मानधन, दुसरी, शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, ज्यासाठी कोणत्या स्पर्धेचे कोणते प्रमाणपत्र चालते याचा बारकाईने अभ्यास केला जातो. पश्चिम विभागीय स्पर्धा आणि पेठेच्या हंगामाचा आरंभ यांची तारखांच्या बाबतीत कधी गाठ पडली, की मुलाला निवड करावी लागते. आणि तालमीतील वडीलधाऱ्यांचा शब्द मोडून विद्यापीठाच्या शिबिरास जाणे किती अवघड आहे, हे त्या कट्ट्यावर बसल्याशिवाय कळावयाचे नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र स्थिती उलट आहे. तालमी या मूलतः पुरुषांच्या संस्था. त्यांच्या कट्ट्यावर मुलीला जागा नव्हती, आणि म्हणून मुलींचा फुटबॉल शाळा-महाविद्यालयांच्या आधारानेच वाढला. 2019 साली लुधियाना येथे झालेल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी या नावाने या गावाचा संघ उतरला होता. मुलांना ज्या हंगामाची मातब्बरी वाटत नाही, तो पुष्कळ मुलींना मिळणारा एकमेव हंगाम आहे, एवढे तरी तो आखणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

राहिला प्रश्न रचनेचा, आणि तो सर्वांत सोपा आहे, कारण तो नुसत्या बेरजेचा आहे. विभागीय सामने सामान्यतः बाद पद्धतीने होतात. समजा, 16 संघ आहेत. बाद पद्धतीत 15 सामन्यांत विजेता ठरतो; पण त्यांपैकी 8 संघ एक सामना खेळून घरी जातात आणि आणखी 4 संघ दोन सामने खेळून. म्हणजे चार संघांपैकी तीन संघांचा वर्षाचा हंगाम जास्तीत जास्त 180 मिनिटांचा. ज्या संघातील दोन पेठांची मुले एकमेकांना चेंडू देऊ लागण्यास पहिला सामना खर्ची पडतो, त्या संघाचा दुसरा सामनाच होत नाही. पूर्ण साखळी खेळवावी तर 120 सामने होतात, आणि तेवढे दिवस पाऊस व परीक्षा यांच्या मध्ये सापडणार नाहीत हे उघड आहे. परंतु चार-चार संघांचे चार गट करून गटात साखळी खेळवली, आणि गटविजेत्यांत दोन उपांत्य व एक अंतिम सामना ठेवला, तर 24 अधिक 3 असे 27 सामने होतात आणि दुबळ्यातील दुबळ्या संघालाही तीन सामने मिळतात. पश्चिम विभागीय स्पर्धेत शेवटच्या चार संघांची साखळी होते, तेव्हा या पद्धतीत नियमबाह्य असे काही नाही. 12 सामने वाढतील; दोन मैदाने हाताशी असली, तर दिवसाला चार सामने धरून तीन दिवस वाढतील. पंचांचे मानधन आणि संघांचा प्रवासखर्च वाढेल, तो जिमखाना शुल्कातून भागवणे अशक्य नाही. शहरातील प्राचार्यांनी आणि क्रीडा संचालकांनी पुढील वर्षाचे वेळापत्रक आखण्याच्या बैठकीत हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.